घरगुती सोलर: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशकात घरोघरी गीझरचं बटण लवकर दाबलं जातं. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचं तर साधारण साडेतीन युनिट वीज जाते, गीझर कुठल्याही कंपनीचा असो. इकडे गच्चीवर मात्र निरभ्र दिवसात एका चौरस मीटरवर पाचेक युनिटांइतकं ऊन फुकट पडतं. पाणी तापवायच्या घरगुती सोलर पेटीने, म्हणजे काचेखाली काळा पत्रा आणि पाइप बसवलेल्या पेटीने, त्यातलं चाळीस टक्के धरलं, तरी तीन बादल्या पाणी अंघोळीजोगं होतं.

पण पाणी तापवणं सोपं, ते सकाळपर्यंत गरम राखणं अवघड. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 मध्ये काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून पेटंट घेतलं. दुपारी पाणी कढत, पहाटे गार! 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी टाकी उन्हातून बाजूला काढली आणि तिला जाड वेष्टण घातलं. आपणही तेच करायचं. पैसे वाचवायचे ते स्टँड, पेटी, पत्रा यांत. ते भंगारातून आणा, खुशाल. वेष्टणात मात्र कंजुषी नको.

त्यातही आपल्याकडे एक स्वस्त सोय आहे. घोटी-इगतपुरीच्या भातगिरण्यांत तूस मिळतं. टाकीभोवती चार-पाच इंच तूस दाबून भरा, वरून पत्र्याचं कवच घाला आणि पावसाचं पाणी आत जाणार नाही असं बघा. ओलं झालं की तुसाचा उपयोग संपला. पेटीत तापणाऱ्या पत्र्यामागे मात्र रॉकवूल, म्हणजे उष्णता सोसणारी दगडी लोकरच हवी. तिथे थर्माकोल लावलेला मी पाहिलाय. पाणी नसताना पेटी उन्हात राहिली की आत शंभराच्या वर तापमान जातं आणि थर्माकोल आक्रसून बसतो. साध्या पीव्हीसी पाइपचंही तेच, उन्हाळ्यात लोंबायला लागतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप घ्या. हे दोन एकमेकांना थेट जोडू नका, मध्ये पितळी फिटिंग टाका, नाहीतर जीआय लवकर गंजतो. आणि औद्योगिक वसाहतीतून येणारी निळी पिंपं कितीही स्वस्त पडली तरी नकोत. आत पूर्वी कुठलं केमिकल होतं कोण सांगणार?

पेटीचं तोंड दक्षिणेला. नाशिक वीस अक्षांशावर आहे, पण गरम पाण्याची खरी गरज थंडीत आणि तेव्हा सूर्य खाली कललेला, म्हणून तीस ते पस्तीस अंशांचा उतार द्या. पत्र्याला चकाकी नसलेला काळा रंग लावायचा. टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच हवा. मग पंप लागत नाही: तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, टाकीच्या तळचं गार पाणी खाली पेटीत उतरतं. उंची कमी पडली तर रात्री हाच प्रवाह उलटा फिरतो.

सिडकोतल्या एका गच्चीवर सगळं बरोबर होतं, फक्त पाणी तापत नव्हतं. अकराच्या सुमारास वरच्या पाइपला हात लावला. पेटीजवळ चटका बसत होता, दोन हातांवर पाइप थंडगार. प्लंबरने पाइप कठड्यावरून घेताना मध्ये उंचवटा ठेवला होता, तिथे हवा अडकली होती. उंचवटा काढून पाइपला सलग चढ दिला आणि दुपारपर्यंत टाकी तापली. शिकलेल्या फिटरकडूनही हे राहून जातं, तेव्हा नजर ठेवा.

एका बाबतीत तडजोड नाही. टाकीच्या माथ्यावरून उघड्या तोंडाचा पाइप उभा सोडायचा, त्यावर ना झाकण ना कॉक. बंद टाकीत वाफ कोंडली तर स्फोट होतो.

बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, तेव्हा शक्यतो महापालिकेचं पाणी भरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती असते, काचेवर बारीक तारेची जाळी टाका. मे महिन्यात पाणी अंग भाजण्याइतकं तापतं, तेव्हा निम्म्या काचेवर गोणपाट पसरा आणि घरातल्या लहानग्यांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.