यालू नदीवरचा शेजारी

नमस्कार, श्रोतेहो.

उत्तर कोरियाने क्षेपणास्त्राची चाचणी केली की चीनने आपले वजन वापरावे, अशी मागणी वॉशिंग्टन, सोल आणि टोकियो येथून हमखास होते. हे वजन किती आहे आणि ते पुरतेपणी का वापरले जात नाही, याविषयी आज बोलणार आहे.

या दोन देशांमधली सुमारे 1400 किलोमीटरची सीमा मुख्यतः यालू आणि तुमेन या नद्यांनी आखलेली आहे. यालूच्या चिनी काठावर डांडोंग हे शहर, तर पैलतीरावर सिनुइजू. उत्तर कोरियाच्या परकीय व्यापारात चीनचा वाटा अनेक वर्षे 90 टक्क्यांहून अधिक राहिला आहे आणि त्यातला मोठा भाग या दोन शहरांमधल्या पुलावरून जातो. कच्चे तेलही चीनमधूनच वाहिनीने पलीकडे पोहोचते. या पुलाशेजारी आणखी एक पूल आहे, तो मात्र नदीच्या मध्यावरच संपतो. 1950 साली अमेरिकी विमानांनी तो उद्ध्वस्त केला आणि चीनने त्याचे अवशेष मुद्दाम जतन केले.

चीनचे आजचे वागणे समजून घ्यायचे, तर 1950 सालच्या कोरियन युद्धाकडेच जावे लागते. त्या ऑक्टोबरच्या आरंभी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून सांगितले, की अमेरिकी सैन्याने दोन कोरियांना विभागणारे 38 वे अक्षवृत्त ओलांडले तर चीन युद्धात उतरेल. भारताने हा इशारा पुढे पोहोचवला, परंतु वॉशिंग्टनने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याच महिन्यात चिनी फौजा यालू ओलांडून गेल्या. खुद्द माओंचा मुलगा त्या युद्धात मारला गेला. 27 जुलै 1953 रोजी शस्त्रसंधी झाली. शांतता तह आजतागायत झालेला नाही. मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी तेव्हा जे भारतीय दल कोरियात गेले, त्याचे नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. इतके अवघड काम इतक्या संयमाने पार पडले, तरी आपल्याकडे त्याची आठवण फारशी काढली जात नाही, याची मला खंत वाटते.

अमेरिकी सैन्य यालूच्या काठी येऊ द्यायचे नाही, हा त्या युद्धातून घेतलेला धडा चीन विसरलेला नाही. 1961 साली त्याने उत्तर कोरियाशी परस्पर संरक्षणाचा करार केला आणि 2021 मध्ये त्याची मुदत वाढवली.

मग अण्वस्त्रांचे काय? 3 सप्टेंबर 2017 रोजी शियामेन येथे ब्रिक्स परिषद सुरू होत असतानाच उत्तर कोरियाने सहावी आणि सर्वांत शक्तिशाली अणुचाचणी केली. तिचे हादरे ईशान्य चीनमध्येही जाणवले. यजमान शी जिनपिंग यांच्यासाठी हा उघड अवमान होता. त्या वर्षी चीनने सुरक्षा परिषदेत एकामागून एक कठोर ठरावांना पाठिंबा दिला. उत्तर कोरियाची कोळसा, मासळी आणि कापडाची निर्यात बंद झाली, शुद्ध केलेल्या इंधनावर वर्षाला 5 लाख पिंपांची मर्यादा आली. मात्र कच्च्या तेलासाठी 40 लाख पिंपांची मोकळीक ठेवण्यात आली, आणि माझ्या मते चीनचे सारे धोरण त्या आकड्यात सामावलेले आहे. नळ आवळायचा, पण बंद करायचा नाही. मार्च 2018 मध्ये किम जोंग उन सत्तेवर आल्यानंतरच्या पहिल्या परदेश दौऱ्यासाठी रेल्वेने बीजिंगला आले, ते या आवळण्याशी संबंध नसताना आले असे मला वाटत नाही.

नळ बंद केला आणि प्योंगयांगची राजवट कोसळली, तर निर्वासितांचे लोंढे सीमेवर येतील, अण्वस्त्रे कोणाच्या हाती लागतील याची शाश्वती राहणार नाही, आणि एकत्र झालेल्या कोरियात अमेरिकी सैन्य थेट यालूपर्यंत येऊ शकेल. उलट किम यांना मोकळे सोडले, तर त्यांच्या चाचण्यांमुळे अमेरिकेचे पाऊल या भागात अधिक घट्ट रोवले जाते. दक्षिण कोरियात 2017 साली ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आली, तेव्हा तिच्या रडारचा धोका चीनला स्वतःलाच वाटला. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही कोंडी आहे, आणि ती किम पुरती ओळखून आहेत. दुबळ्या देशाचे खरे बळ शेजाऱ्याच्या या भीतीत आहे.

अलीकडे त्यांना दुसरा आधारही मिळाला. मे 2022 मध्ये नव्या निर्बंधांचा ठराव चीन आणि रशियाने नकाराधिकार वापरून अडवला. जून 2024 मध्ये रशियाने उत्तर कोरियाशी संरक्षणाचा करार केला, आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या बाजूने लढण्यासाठी कुर्स्क भागात पोहोचले. रशियाकडे हात पसरता येत असेल, तर बीजिंगचा दबाव तितका जाचत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये बीजिंगच्या लष्करी संचलनात शी यांच्या एका बाजूला पुतिन आणि दुसऱ्या बाजूला किम उभे होते. त्यानंतर शी आणि किम यांची स्वतंत्र भेट झाली. या दोघांच्या 2018 आणि 2019 मधल्या भेटींनंतरच्या चिनी निवेदनांत कोरिया द्वीपकल्प अण्वस्त्रमुक्त करण्याचा उल्लेख असे. या वेळच्या निवेदनात तो नव्हता.