घाई, धूर आणि स्वभाव

मंडळी, धुरापासून सुरुवात करतो.

न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. एक विद्यार्थी खोलीत बसून फॉर्म भरतोय आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर यायला लागतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. एकटे असलेल्या 24 जणांपैकी 18 जण उठले आणि बाहेर जाऊन सांगून आले. मग खोलीत आणखी दोघं बसवले. त्यांना पढवून ठेवलं होतं, की धूर दिसला तरी खांदे उडवायचे आणि लिहीत राहायचं. आता दहापैकी एकच उठला! बाकीचे नऊ खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत होते, पण फॉर्म काही सोडत नव्हते.

नंतर विचारल्यावर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल. दोघांना तर वाटलं, खरी उत्तरं यावीत म्हणून सोडलेला गॅस आहे. 'शेजारचे शांत होते म्हणून मी बसून राहिलो' हे मात्र त्यांना सुचलं नाही. वर्गात 'समजलं का?' विचारल्यावर आपण आधी शेजारच्याचा चेहरा बघतो, तो निवांत दिसला की गप्प बसतो. तोही आपलाच चेहरा बघत असतो.

यावरून 'गर्दीला काळीज नसतं' असं म्हणू नका. 2019 साली ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलंच होतं. उघड मारामारी दिसली तर अर्थ लावावा लागत नाही, धुराचा लावावा लागतो.

आता माझा आवडता प्रयोग. प्रिन्स्टनमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणारं विद्यालय आहे. तिथल्या 40 विद्यार्थ्यांना डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी एकेकटं बोलावलं आणि शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. निम्म्यांचा विषय, बायबलमधला चांगल्या शोमरोनीचा दाखला, म्हणजे बोधकथा. लुटून अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला बघून याजक, म्हणजे पुरोहित, बाजूने निघून जातो आणि शोमरोन प्रांतातला एक परका माणूस जखमा बांधतो, ती गोष्ट. वाटेतल्या बोळात दाराशी एक माणूस मान टाकून खोकत, कण्हत बसला होता. अर्थातच बसवलेला.

निघताना कुणाला सांगितलं, 'अजून वेळ आहे', कुणाला 'निघाच आता', तर कुणाला 'उशीर झालाय, ते खोळंबलेत'. सवड होती त्यांतले 63 टक्के मदतीला थांबले, मधल्या गटातले 45 आणि घाईतले 10. भाषण कशावर आहे, याने लक्षणीय फरक पडला नाही. काही जण तर तोच दाखला मनात घोळवत त्या माणसाला ओलांडून गेले. धर्मनिष्ठेच्या प्रश्नावल्या आधीच भरून घेतल्या होत्या. कोण थांबेल, हे त्यांवरूनही कळलं नाही.

इथे हसू येतं, पण जरा थांबा. न थांबलेले कित्येक जण पलीकडे पोचले तेव्हा अस्वस्थ होते. ते निर्दय नव्हते, पलीकडे कुणीतरी आपल्यासाठी खोळंबलंय या ओझ्याखाली होते. एकाला दिलेला शब्द पाळताना दुसरा बोळात राहिला. म्हणून कुणी आपल्याला ओलांडून गेलं की 'माणूस कसा आहे?' याच्या आधी मी विचारतो, त्याला कुठे पोचायचं होतं?

मग स्वभाव कुठेच नाही का? आहे, पण तो दिसला थांबल्यानंतर. बोळातला माणूस ठरल्याप्रमाणे म्हणायचा, गोळी घेतलीय, बसतो जरा, बरं वाटेल. काहींनी ते ऐकून घेतलं आणि वाटेला लागले. काही मात्र, विशेषतः कट्टर श्रद्धेचे, हटेचनात. तो नको नको म्हणत राहिला आणि ते त्याला मदत करत राहिले.