गाव महापालिकेत जाते तेव्हा ग्रामसभेचे काय होते?

मंडळी, विलीनीकरण म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न घरपट्टीचा निघतो. तो रास्तही आहे. ठाणे जिल्ह्यातली दहिसर, पिंपरी, भंडार्ली, उत्तरशिव वगैरे चौदा गावे २०२४ मध्ये नवी मुंबई महापालिकेत आली. हीच गावे पूर्वी आंदोलन करून महापालिकेतून बाहेर पडली होती. मग परत का? पाण्यासाठी, रस्त्यांसाठी. मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे. टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्याला त्याची ओढ वाटली तर नवल काय?

माझी तक्रार निराळी आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि प्रशासक बसला. गावे आत आली तेव्हाही कारभार प्रशासकाच्याच हाती होता. म्हणजे सरपंच गेला, ग्रामसभा गेली, आणि त्यांच्या जागी तेव्हा नगरसेवकही मिळाला नाही. गटार तुंबले तर जाब विचारायचा कोणाला? अर्ज द्यायचा आणि पोच घेऊन घरी यायचे.

आता जरा नेपाळकडे बघू. तिथे १९९७ नंतर वीस वर्षे गावांच्या स्थानिक निवडणुकाच झाल्या नव्हत्या. निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर गावाचा कारभार सरकारी नोकर बघत. २०१५ ची राज्यघटना आली आणि २०१७ मध्ये तीन हजारांहून अधिक जुन्या गाव विकास समित्या मोडून, एकमेकींत मिसळून नव्या संस्था उभ्या केल्या. आज तिथे एकूण ७५३ स्थानिक संस्था आहेत आणि त्यांपैकी ४६० गावपालिका. भांडणे तिथेही झाली. नाव कोणत्या गावाचे द्यायचे, मुख्यालय कुठे ठेवायचे, यावरून लोक रस्त्यावर आले. डोंगरातल्या माणसाला मुख्यालय दूर पडले, ते वेगळेच.

पण एक गोष्ट त्यांनी नीट केली. गावपालिकेचे वडे पाडले, म्हणजे आपले प्रभाग म्हणा. प्रत्येक वड्याला स्वतःचे कार्यालय, निवडून आलेला वडाध्यक्ष आणि चार सदस्य. त्या चारांत दोन महिला हव्यातच आणि त्यांतली एक दलित. जन्मनोंद, शिफारसपत्र, सगळे तिथेच मिळते. आपल्या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या वसाहतीत, नोकरी करणाऱ्या एखाद्या नेपाळी माणसाला गावचा पत्ता विचारा, पालिकेच्या नावापाठोपाठ तो वड्याचा नंबर सांगेल. बांधाचे, पाण्याचे तंटे ऐकायला पालिकेत न्यायिक समिती असते आणि तिचे काम उपाध्यक्ष बघतात. अध्यक्ष-उपाध्यक्षपदासाठी पक्षाने दोन उमेदवार दिले तर त्यांत एक बाई द्यावीच लागते, त्यामुळे उपाध्यक्षाची खुर्ची बहुतेक ठिकाणी बाईकडे आहे. आपल्या तंटामुक्ती समित्यांत किती बायका अध्यक्ष दिसतात, ते तुम्हीच आठवून बघा.

आपल्याकडे मुरबाड-शहापूरसारख्या गावांना नगरपंचायत मिळाली; गाव आणि शहर यांच्यामधली ती पायरी आहे. चौदा गावांना ती मिळाली नाही, थेट महापालिकाच आली. काल वर्षातून निदान चार ग्रामसभा घेणे कायद्याने भाग होते, आज एकही नाही. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. इथे बसलेल्यांपैकी कोणी क्षेत्रसभेची नोटीस पाहिली आहे का? हात वर करा. मला एकही दिसत नाही.

चौदा गावांसाठी माझे मागणे मोठे नाही. जुन्या ग्रामपंचायतींच्या इमारतींना कुलूप लावू नका; तिथे महापालिकेचा माणूस बसवा, दाखले तिथेच द्या, आणि क्षेत्रसभा त्याच ओट्यावर भरवा.