हॉटेलची ग्रेव्ही सकाळीच होते

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘हॉटेलसारखा पनीर बटर मसाला घरी’. त्यामुळे आज सभागृहात वह्या आणि पेनं नेहमीपेक्षा जास्त दिसतायत. कृती शेवटी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी कुकर लावायला घरी जाणार नाही.

घरची पंजाबी भाजी हॉटेलसारखी का लागत नाही, याची लोकांनी दोन उत्तरं ठरवून टाकली आहेत. एक, हॉटेलवाले कसला तरी गुप्त मसाला घालतात. दोन, ते लोणी ओततात. पहिलं जवळजवळ खोटं आहे. गरम मसाला, कसुरी मेथी, काश्मिरी मिरची, धणे, यापलीकडे त्या स्वयंपाकघरात फारसं काही नसतं. दुसरं खरं आहे, पण अर्धंच. लोणी ओतून भाजी हॉटेलसारखी झाली असती, तर लोण्याच्या पाकिटाबरोबर सगळ्यांचाच प्रश्न सुटला असता.

खरा फरक वेळेच्या वाटणीत आहे. हॉटेलात तुमची भाजी दोनदा शिजते. पहिल्यांदा सकाळी, मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर तासन्‌तास. दुसऱ्यांदा रात्री, तुमची ऑर्डर गेल्यावर, एका पॅनमध्ये, भट्टीच्या फुल आचेवर, चार-पाच मिनिटांत. आपण घरी ही दोन्ही कामं एकाच कढईत, एकाच मध्यम आचेवर, पाऊण तासात उरकायला बघतो. मग होतं काय, की मंद आचेचं काम कच्चं राहतं आणि मोठ्या आचेचं तर होतच नाही.

सकाळी त्या स्वयंपाकघरात साधारण तीन ग्रेव्ह्या तयार होतात. कांदा तळून टोमॅटोत भुनलेली ब्राऊन ग्रेव्ही. उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे खरबुजाचं बी, यांची व्हाइट ग्रेव्ही. आणि टोमॅटो, काजू, लोण्याची मखनी. मेनूकार्डावरच्या साठ-सत्तर भाज्या या तिघींच्या पोटी जन्माला येतात. नुसती व्हाइट वापरली की शाही पनीर. ब्राऊनमध्ये भरडलेले धणे, लाल मिरची आणि सिमला मिरचीचे चौकोनी तुकडे घातले की कढाई पनीर. आणि ब्राऊनमध्ये तिखटाचा हात सोडला, वर दोन तळलेल्या लाल मिरच्या ठेवल्या की व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूरचं कोणी आहे का इथे? हात वर करू नका, चेहऱ्यावरून कळतंय. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावाच्या नावावर ही भाजी कोणी चढवली, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. संयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवावं.

बटर चिकनची जन्मकथाही याच दोन वेळच्या शिजण्याची आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी १९४७ मध्ये दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महल’ सुरू केलं. कुंदनलाल गुजराल हे त्यातलं गाजलेलं नाव. तंदुरी चिकन सळईवर लटकून कोरडं पडायचं, ते वाया जाऊ नये म्हणून टोमॅटो आणि लोण्याच्या रश्श्यात घातलं, अशी त्या घराण्याची कथा. दुसरी बाजू म्हणते, हे डोकं गुजरालांचे भागीदार कुंदनलाल जग्गी यांचं. म्हणजे वादातले दोन्ही शोधक कुंदनलालच! ‘मोती महल’वाले २०२४ च्या जानेवारीत हा वाद घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले, ‘दर्यागंज’ नावाच्या रेस्टॉरंटवाल्यांच्या विरोधात. दाव्याची कागदपत्रं होती २,७५२ पानांची. एका रश्श्यासाठी! कथा कोणाचीही खरी धरा, दोन्हींत चिकन आधी भाजून तयार होतं आणि रस्सा नंतर आला. घरी मात्र आपण कच्चं चिकन थेट टोमॅटोत घालतो आणि वर म्हणतो, ती चव नाही आली.

आता माझं खरं दुखणं. कांदा.

पाककृतीत एक वाक्य हमखास असतं: ‘कांदा सोनेरी होईपर्यंत पाच मिनिटं परतावा.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कांदा परतलेलाच नाही. कांद्यात दहातला जवळपास नऊ भाग पाणीच असतं. जोवर कढईत ते पाणी आहे, तोवर तापमान शंभराच्या फारसं पुढे सरकत नाही, आणि खरपूस रंग धरायला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं तुम्ही कांदा परतत नसता, वाळवत असता. अर्धा किलो कांदा, घरचा गॅस, मध्यम आच: पंचवीस ते तीस मिनिटं धरून चला. पाच मिनिटांत होतो तो पारदर्शक कांदा, आणि त्याने भाजी गोडसर, कच्चट लागते.

मग त्या पाच मिनिटांच्या कांद्यावर लोक टोमॅटो ओततात, ‘आता दोन्ही एकत्र शिजेल’ म्हणून. नाही शिजत. टोमॅटो आंबट असतो, आणि आंबटात कांद्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही. कांदा जसा होता तसाच टणक राहतो. पुढे तासभर शिजवा, तुकडा दाताखाली येणारच. रंग धरायचं कामही थांबतं, कारण टोमॅटोबरोबर नवं पाणी आलं. चूक तिसऱ्या पायरीला होते आणि कळते जेवायला बसल्यावर.

दुसरा प्रकार, कच्चा कांदा मिक्सरमधून काढणं. बारीक वाटताना पेशी फुटतात, आतली एन्झाइम मोकळी होतात आणि गंधकाची उग्र, कडवट संयुगं तयार होतात. ती पेस्ट तेलात घातली की उडते, तळाला धरते, कितीही परतली तरी वास मागे राहतो. हॉटेलवाला म्हणून एक तर कांदा तळून वाटतो, नाही तर उकडून वाटतो. उकळत्या पाण्यात ती एन्झाइम निकामी होतात. कच्चा मात्र वाटत नाही.

आणि गंमत बघा. मटणाच्या वाटणासाठी हीच आपली माणसं कांदा सालासकट गॅसवर काळा होईस्तोवर भाजतात, सुकं खोबरं तांबूस होईपर्यंत कढईपाशी उभी राहतात, फोनही उचलत नाहीत. पंजाबी भाजी म्हटली की तोच संयम कुठे जातो?

तर कांदा असा करा. अर्धा किलो, उभा आणि एकसारखा पातळ चिरलेला. काही जाड, काही पातळ असेल तर पातळ जळतो आणि जाड पांढरा राहतो. साठ मिली तेल. हो, चार मोठे चमचे, ताई, वहीत तेवढंच लिहा. सुरुवातीला चिमूटभर मीठ, म्हणजे पाणी लवकर सुटतं. पंधरा मिनिटं अधूनमधून हलवलं तरी चालेल. शेवटची पाच मिनिटं मात्र कढई सोडायची नाही. तळाला तांबूस थर धरला तर दोन चमचे पाणी मारून खरवडून घ्या, चव त्यातच असते. बदामी रंगाला गॅस बंद करून ताटात पसरा, कारण गरम तेलात तो पुढेही रंगत राहतो. काळा पडला तर टाकून द्या. साखर घालून कडवटपणा झाकत नाही, गोड-कडू भाजी तेवढी मिळते.

गार झाला की तो वाटायचा. तेलात आलं-लसूण वाटण दोन चमचे, कच्चट वास जाईपर्यंत. मग हळद, तिखट, धणेपूड थोड्या पाण्यात कालवून. कोरडं तिखट गरम तेलात काही सेकंदांत जळतं. मग चारशे ग्रॅम टोमॅटोची प्युरी आणि वाटलेला कांदा. तेल सुटेपर्यंत पंधरा मिनिटं भुना. तेल सुटतं ते पाणी आटल्यावर. पण मुळात दोन चमचे तेल घातलेलं असेल तर सुटणार काय? काही लोक डाएटचं तेल घालून तेल सुटायची वाट बघत बसतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं’. आणि चाणाक्ष मंडळींच्या लक्षात आलं असेल की पनीर बटर मसाल्याच्या मखनी ग्रेव्हीत कांदा जवळजवळ नसतोच. मग एवढा वेळ कांदा का? कारण घरोघरी बटर मसाला म्हणून जो होतो, तो अर्ध्याकच्च्या कांदा-टोमॅटोवर लोणी टाकून. ती टोमॅटोची भाजी आहे, चांगली लागते, पोळीबरोबर खा. पण तिला बटर मसाला म्हणू नका.

आता मखनी, भराभर. लिहून घ्या.

पिकलेले, लालबुंद टोमॅटो एक किलो. काजू पाऊणशे ग्रॅम, तुकडा चालतो, स्वस्त पडतो. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या आठ, बिया काढून. आलं वीस ग्रॅम, लसूण पंचवीस, हिरवी वेलची चार, लवंगा तीन, दालचिनीचा बोटभर तुकडा, तमालपत्र एक, लोणी पन्नास ग्रॅम, मीठ एक छोटा चमचा, पाणी तीनशे मिली. सगळं एकाच पातेल्यात, झाकण ठेवून अर्धा तास मंद उकळवा. परतायचं काही नाही. तमालपत्र आणि दालचिनी काढा, पूर्ण गार करा, मग वाटा. गरम वाटलंत तर वाफेने मिक्सरचं झाकण उडतं आणि छताला मखनी लागते. वाटल्यावर रंग फिका, गुलाबीसर दिसेल. घाबरू नका, ती हवा आहे, शिजताना परत लाल होतो. चाळणीतून गाळा. कंटाळा करू नका, हॉटेलचा मऊपणा तो हाच, साल आणि बिया मागे राहतात. गाळलेलं पुन्हा मंद आचेवर अर्धा तास, अधूनमधून तळापासून ढवळत, कारण काजू तळाला धरतो. कडेला लोण्याची लाल रेघ दिसली की झालं. साधारण पाऊण किलो निघते. दोनशे-दोनशे ग्रॅमचे डबे भरा. हे झालं सकाळचं काम. तुम्ही रविवारी करा.

रात्रीचं काम. लोखंडी कढई आधी चांगली तापवा. घरचा बर्नर भट्टीइतकी आच देत नाही, म्हणून भाजी थोडी-थोडी करायची. एका वेळी एक डबा, फार तर दोन. आठ जणांची एकदम केलीत तर भाजी परतली जात नाही, नुसती रटरटते. एक चमचा तेल, एक चमचा लोणी. एक हिरवी मिरची उभी चिरून. गॅस बारीक करून एक छोटा चमचा काश्मिरी तिखट, दहा सेकंद. मिरचीचा रंग तेला-तुपात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून ग्रेव्हीच्या आधी घालायचं. लगेच ग्रेव्ही आणि अर्धी वाटी गरम पाणी. गार पाणी घातलंत की कढई थंड पडली, पहिल्यापासून सुरुवात. आता फुल आच, तीन मिनिटं, सतत पळी फिरवत, कडेला चिकटलेलं आत ओढत. मीठ चाखून, साखर एक छोटा चमचा, गरम मसाला पाव चमचा. कसुरी मेथी तव्यावर कोरडी गरम करून हातावर चुरडून एक छोटा चमचा. जास्त घातलीत तर कडवट होते.

पनीर दोनशे ग्रॅम, कापून आधी दहा मिनिटं गरम मिठाच्या पाण्यात. तळू नका, रबर होतं. भाजीत ते शेवटी, एक मिनिट. मग गॅस बंद.

बंद केल्यावर क्रीम, दोन मोठे चमचे. इथे सगळ्यात जास्त भाज्या फाटतात. ग्रेव्ही आंबट, वर उकळती, त्यात फ्रिजमधलं गार क्रीम. क्रीम आधी बाहेर काढून ठेवा, वाटीत एक पळी ग्रेव्ही घेऊन त्यात कालवा, मग कढईत. पाकिटातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, तो बेताचाच. दूध तर त्याहून लवकर फाटतं, तेव्हा क्रीमऐवजी दूध नको. घरची साय चालेल, चमच्याने फेटून. मिक्सरमध्ये जास्त फिरवलीत तर लोणी निघेल. आणि शेवटी सजावट म्हणून कच्चं आलं किसून क्रीमच्या भाजीत मिसळू नका. कच्च्या आल्यातलं एन्झाइम दुधाचं प्रथिन तोडतं. आलं आधीच शिजलेलं असलं की प्रश्न येत नाही.

दुसरी चिठ्ठी. ‘आवरा’. आवरतो. चिकनवाल्यांसाठी दोन वाक्यं: मांडीचं बोनलेस अर्धा किलो, दही, आलं-लसूण, काश्मिरी तिखट, लिंबू आणि मीठ लावून चार तास फ्रिजमध्ये, मग खूप तापलेल्या तव्यावर किंवा ओव्हनच्या ग्रिलखाली कडा काळ्या होईपर्यंत. त्याचे तुकडे पनीरच्या जागी, पण तीन-चार मिनिटं ग्रेव्हीत, तीन डब्यांच्या अंदाजाने.

ग्रेव्ही फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीझरमध्ये ग्रेव्हीच ठेवा, तयार भाजी नाही. क्रीम फुटतं, पनीर भुसभुशीत होतं. डबा आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवायचा. बाकीचे प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा. कोल्हापूरकरांनी आधी.