एक झाड सुटं व्हावं म्हणून

मंडळी, माथेरानला जुलैत जे दाटतं त्याला आपण सवयीनं धुकं म्हणतो. खरं तर तो ढग असतो. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, गार होते आणि साधारण ८०० मीटर उंचीच्या त्या पठारावर ढग सरळ झाडांत शिरतो. हिवाळ्यातलं दरीतलं धुकं पहाटे निवांत पसरून असतं, ऊन चढलं की विरतं. हा ढग पळता. आत्ता दिसलेलं झाड दहा सेकंदांत गडप होतं. म्हणून मी ट्रायपॉड लावतो, चौकट ठरवतो आणि तिथंच उभा राहतो.

कशासाठी उभं राहायचं? आपलं रान दाटीचं आहे हो. अंजनी, जांभूळ, हिरडा, त्यांवर चढलेल्या वेली. स्वच्छ उजेडात फोटो काढला तर फांद्यांचा नुसता गुंता येतो. ढग आला की मागचं सगळं पुसलं जातं आणि एकच अंजनी सुटी होते, वाकड्या, शेवाळलेल्या खोडाची. फेब्रुवारी-मार्चात ती निळ्याजांभळ्या फुलांनी भरते तेव्हा तिच्याकडे कोणीही पाहील. पावसात तिचा आकार दिसतो. जवळचं खोड काळं, त्यामागचं राखी, त्याही मागचं फिकट रेघेएवढं. जवळ ठळक असं एकही खोड नसेल तर हाती फक्त पांढरा पडदा लागतो.

आता कॅमेरा. त्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे धुकं मळकट येतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. ऑटोफोकस चाचपडत राहतो. खोडाच्या कडेवर धरा, नाहीतर हातानं फोकस करा. फ्लॅश नको, थेंबांवर आपटून उजेड आपल्याच अंगावर येतो. पोलरायझर या भिंगावर लावायच्या फिल्टरनं ओल्या पानांची चकाकी उतरते, हिरवा रंग खुलतो.

आणि कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवू नका. मी ठेवला होता. पहाटे बाहेर काढला तर गार काचेवर वाफ धरली. मी ती पुसत बसलो आणि इतका सुंदर ढग समोरून निघून गेला. तेव्हापासून बॅग रात्रभर व्हरांड्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या.

घरी आल्यावर पुष्कळ जण एडिटिंगमधली धुकं काढणारी ‘डीहेझ’ची पट्टी ओढून फोटो लख्ख करतात. मला फार वाईट वाटतं. ढगानं बाजूला सारलेला गुंता आपणच परत ओढून आणतो.

शार्लोट तलावाच्या वाटेवर एक अंजनी आहे. चार पावसाळे मी तिच्यासमोर उभा राहतोय. तिच्या डाव्या खांद्यामागून जांभळाची एक आडवी फांदी डोकावते, ती झाकली जाईल इतका ढग अजून मिळालेला नाही. जुलैत पुन्हा जातोय.