आमच्या घरची वाकळ

नमस्कार, श्रोतेहो. पुण्या-मुंबईकडं जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्या सांगली भागात वाकळ म्हणतात. माझ्या आजीनं शिवलेल्या एका वाकळीबद्दल आज सांगायचंय.

सुगी उरकली की उन्हाळ्याच्या दुपारी आजी सोप्यात जुनं लुगडं अंथरायची. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, हाताला येईल ते वजन. त्यावर विटकी धोतरं, पोलकी, सदरे यांचे तुकडे सारखे लावायचे, वर दुसरं लुगडं घालायचं आणि लांब टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. मग काठापासून धावदोरा सुरू व्हायचा, तो चौकोनात फिरत फिरत मध्यावर येऊन संपायचा. आजीचा टाका तांदळाएवढा. मदतीला बसलेल्या बायकांचे टाके मोठे. आई आजीला, म्हणजे तिच्या सासूला, आत्याबाई म्हणायची. वाकळीवर नुसतं बोट फिरवून ती सांगायची, "हितनं पुढं आत्याबाईंचा हात."

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले. भिलवडीच्या आमच्या घरातही पाणी शिरलं. ओसरल्यावर गाळातनं वाकळ ओढली, तर आम्हा दोघींना उचलेना. तुडवून धुतली, तरी कुबट वास जाईना. शेवटी उसवायचं ठरलं. एकेक टाका कापताना जिवावर येत होतं.

आजोबांचा गुलाबी पटका निघाला. इरकलीचा काठ निघाला. दादाच्या खाकी चड्डीचा खिसा निघाला. आणि अगदी मध्यावर, दुमडून ठेवलेली, खणाची जांभळी कुंची. गळ्याशी बांधायचे बंद तसेच होते.

आई मटकन खाली बसली. "तुझ्या थोरल्या बहिणीची. तीन महिन्यांची हून गेली. मी मागितली तवा आत्याबाई म्हणाल्या, टाकून दिली."

मला एक बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं. आजीनं ती वाकळ आईच्याच अंथरुणासाठी शिवली होती. तिच्या पांघरुणात मी लहानाची मोठी झाले.

श्रोतेहो, तुमच्याही घरात अशी वाकळ असेल. बोहारणीला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवा, एकेका ठिगळावर बोट ठेवा आणि विचारा, हे कुणाचं?

कुंची बाहेर काढून ठेवू का, असं मी आईला विचारलं. "होती तिथंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. दिवाळीनंतर आम्ही वाकळ पुन्हा घातली. काठाकडचे टाके माझे, हरभऱ्याएवढे, वाकडेतिकडे. मधला चौकोन मात्र आईनं मला शिवू दिला नाही. उन्हाकडं पाठ करून, चष्मा लावून, तो तिनं एकटीनं शिवला. तांदळाएवढ्या टाक्यांनी.