दोराचं पहिलं ओझं

विहिरीची खोली आपल्याकडे पुरुषांत मोजत. पाच पुरुष, सात पुरुष. तेवढ्यावरून पोहरा ओढताना दोर किती जड आहे हे कोणी विचारत नाही. समुद्राच्या तळाशी, 3 किलोमीटर खाली, निकामी पंप किंवा व्हॉल्व्हचा सांगाडा पडला असेल आणि तो वर काढायचा असेल, तर हिशेब तिथूनच सुरू होतो.

फळ्यावर मांडतो. 50 मिलिमीटर जाडीचा पोलादी वायररोप घ्या. मीटरला साधारण 10 किलो. 3000 मीटर सोडला की 30 टन. त्यातले थोडे पाणी उचलतं, 26 उरतात. हा दोर तुटतो साधारण 150 टनांना. धक्क्यावरच्या उचलीसारखी पाचपट सुरक्षितता धरली तर त्याच्यावर 30 टनच टाकता येतात. यंत्रासाठी उरले चार! आणखी 500 मीटर खाली गेलात की दोर स्वतःलाच सांभाळतोय. जाड दोर घेऊ म्हणाल, तर ताकद वाढते त्याच प्रमाणात वजनही वाढतं. पाचाऐवजी तीनचा गुणक धरला, तरी निम्मी ताकद दोरच खातो.

म्हणून डायनीमासारख्या कृत्रिम तंतूंचा दोर. जाडी तीच, ताकद पोलादाच्या तोडीची, आणि चक्क पाण्यावर तरंगतो. ऐकायला गोड. पण हा तंतू 150 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. लाटेवर जहाज वरखाली होतं, ते यंत्राला जाणवू नये म्हणून विंच, म्हणजे दोर गुंडाळणारा रहाट, दोर सतत आतबाहेर करते. मग दोराचा तोच तुकडा तासन् तास कप्पीवर वाकतो, सरळ होतो, आणि आतून तापतो. शिवाय ड्रमवर निसटतो, सततच्या भाराखाली हळूहळू लांबत जातो. पोलादाचा दोष निराळा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे भार आला की पीळ उलगडू बघतो, यंत्र गरगरतं, आणि भार अचानक सुटला की दोराला वेटोळी पडतात. तसा मुरगळलेला दोर मी पुन्हा हाताळूही देत नाही.

दोर म्हणजे लांबलचक स्प्रिंगही असते. मघाच्या दोराला, सुरक्षितता जेमतेम तीनपट ठेवून, 30 टनांचं यंत्र लटकवलं आणि त्याच्यासोबत हलणारं पाणीही धरलं, तर 3000 मीटरवर त्याचा वरखाली झोका आठ-नऊ सेकंदांचा येतो. समुद्राची लाटही नेमकी तशीच! दोघांचा ताल जुळला की झोका वाढतच जातो. उचलताना दोर आखूड होतो, झोक्याचा काळ बदलतो. तेव्हा धोका कोणत्या खोलीवर आहे हे आधी काढून ठेवायचं आणि तिथे रेंगाळायचं नाही.

आता जुन्या यंत्राची खरी गोम. आराखड्यावरचं वजन विसरा. आत गाळ भरलाय, बूड चिखलात रुतलंय. भातखाचरात पाय रुतला की सरळ उपसून निघत नाही. टाच तिरकी करून खाली पाणी शिरू द्यावं लागतं. इथेही तेच. कडेने पाण्याचा फवारा मारायचा, एक बाजू आधी उचलायची, ताण धरून वाट बघायची. घाईने ओढलं आणि चिखलाने एकदम सोडलं, तर ताणलेला दोर उसळतो.

आणि पकड. 2021च्या एप्रिलमध्ये पॅसिफिकमध्ये 4 किलोमीटरहून खोल, पातानिया-2 हे 25 टनांचं खाणयंत्र उचलदोरापासून सुटून तळाशी राहिलं. यंत्र नवं होतं, काही दिवसांत पुन्हा जोडून वर आणलं. दोर अडकवायची कडी वीस वर्षं गंजली असेल, तर तिचा असा भरवसा कोण देणार? मी कडीला हात न लावता बुडाखालून स्लिंग, म्हणजे उचलायचा पट्टा, घालायला सांगतो.

1974 साली अमेरिकनांनी के-129 ही सोव्हिएत पाणबुडी जवळपास 5 किलोमीटरवरून उचलायला घेतली, तेव्हा त्यांनी दोराचा नादच सोडला होता. ग्लोमार एक्सप्लोरर जहाजावरून पोलादी पाइप एकाला एक जोडत खाली सोडले, टोकाला अजस्र पंजा. पाइप टिकले. वाटेत पंजाची बोटं तुटली आणि पाणबुडीचा मोठा भाग परत तळाशी गेला.